भावी डॉक्टर आणि सक्तीचे शोधनिबंध

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कामकाजाचे उद्घाटन झाले. त्या यादीत वाशिमचे नाव होते. १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्याला वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, याचा रिसोडकरांना आनंद होणे साहजिकच आहे. आजवर येथील मुलामुलींना डॉक्टर व्हायचे तर अकोला, यवतमाळ, नागपूर, सेवाग्राम किंवा त्याहूनही दूर जावे लागे. आम्ही रिसोड तालुक्यातील शाळांतून विज्ञान शिकवणारे काही जण आहोत. महाविद्यालय मंजूर झाल्यापासून पालक आम्हाला दोनच गोष्टी विचारतात : जागा किती, आणि ‘नीट’ला गुण किती लागतील? तिसरा एक प्रश्न कोणीच विचारत नाही. या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडणारा डॉक्टर वैद्यकाच्या ज्ञानात स्वतःची काही भर घालील काय? निदान अशी भर कशी घालतात हे त्याला तेथे शिकवले जाईल काय?

या प्रश्नाचे सरकारी उत्तर तयार आहे. एम.बी.बी.एस.नंतर एम.डी. किंवा एम.एस. करणाऱ्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावा लागतो, ही प्रथा जुनी आहे. २००९ च्या सुमारास भारतीय वैद्यकीय परिषदेने तिला जोड दिली. विद्यार्थ्याने एखाद्या अधिवेशनात एक भित्तिपत्रक मांडावे, एक निबंध वाचावा आणि त्याचा एक शोधनिबंध छापून आलेला, छापण्यासाठी स्वीकारलेला किंवा छापण्यासाठी पाठवलेला असावा. त्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येणार नाही, असा नियम झाला. परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या नियमावलीत ही अट सैल केली. आता अधिवेशनातील सादरीकरण किंवा प्रथम लेखक म्हणून एक शोधनिबंध, यांपैकी एक गोष्ट पुरते. संशोधनपद्धतीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, ते निराळेच.

नियमामागचा हेतू चांगला आहे, आणि त्याची गरजही होती. डॉ. समीरण नंदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांचा हिशेब मांडला. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत ‘स्कोपस’ या आंतरराष्ट्रीय सूचीत कोणत्या संस्थेचे किती निबंध नोंदले गेले, हे त्यांनी पाहिले. ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही निबंध नव्हता. उलट केवळ २५ संस्था वर्षाला शंभराहून अधिक निबंध देत होत्या, आणि देशातील एकूण निबंधांपैकी सुमारे ४० टक्के त्यांचेच होते. म्हणजे निम्म्याहून अधिक ठिकाणी रोज शेकडो रुग्ण तपासले जात होते, औषधे दिली जात होती, माणसे बरी होत होती आणि मरतही होती. पण त्यातून काय शिकायला मिळाले याची एक ओळ जगापर्यंत गेली नाही.

मात्र याच आकड्यांकडे जरा निराळ्या बाजूने पाहिले पाहिजे. सक्तीचा नियम या दशकाच्या मध्यावरच आला होता. तरी ३३२ संस्थांची पाटी कोरीच राहिली. मग नियम पाळला कसा गेला? एक वाट नियमातच होती. ‘पाठवलेला’ निबंधही चालत असल्याने लिफाफा टपालात टाकल्याची पावती परीक्षेला बसण्यास पुरेशी होती! दुसरी वाट पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची. तिच्याबद्दल पुढे सांगू.

प्रबंध कसा तयार होतो

दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेले आमचे काही माजी विद्यार्थी निवासी डॉक्टर म्हणून निरनिराळ्या शहरांत काम करतात. त्यांच्याकडून प्रबंधाच्या ज्या हकिगती कळतात त्या ऐकून मन खट्टू होते. विषय मार्गदर्शकांनी नेमून दिलेला असतो. मागल्या तुकडीतील कोणाच्या तरी प्रबंधाचा सांगाडा घ्यायचा आणि वर्षे व आकडे बदलायचे. एका मुलीला शंभर रुग्णांचा अभ्यास करायचा होता. मुदतीत साठच मिळाले. उरलेले चाळीस कागदावर ‘भरून’ घे, असे तिला वरिष्ठांनी सांगितले. महाविद्यालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. संख्याशास्त्राचा भाग पैसे देऊन बाहेरून करून घेतला जातो, आणि तो करणाऱ्याला रोग कोणता हे ठाऊक असण्याची गरज नसते. छत्तीस तासांची पाळी करून आलेल्या मुलाकडून याहून वेगळी अपेक्षा तरी कशी करावी, असे कोणी म्हणेल. ते काही प्रमाणात खरे आहे. पण ज्याने चाळीस रुग्ण कागदावर निर्माण केले, त्याने पुढे कोणत्याही छापील आकड्यावर विश्वास का ठेवावा? संशोधनाची गोडी लावण्यासाठी आणलेल्या नियमाने संशोधन म्हणजे थोतांड असते हा धडा शिकवला, तर तो काहीच न शिकवण्यापेक्षा वाईट.

आपल्या वाचकांना या सगळ्यात काही ओळखीचे दिसले असेल. शाळाशाळांतून दिसणारी प्रयोगवही ती हीच. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ यायला हवे हे मुलांना आधीच माहीत असते. मग ९.८ वरून उलटे गणित करून दोलनकाल लिहिला जातो, आणि तिन्ही वाचने दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळतात. लंबक हललेलाच नसतो. परीक्षक सही करतात. या वहीत ज्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले, तोच मुलगा दहा वर्षांनी चाळीस रुग्ण भरतो. तेव्हा हा प्रश्न केवळ वैद्यकीय महाविद्यालयांचा आहे असे समजून पान उलटू नये.

बिरवाडीचा दवाखाना

मग खरे संशोधन कसे असते? त्यासाठी परदेशी उदाहरणाकडे आधी जाण्याची गरज नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातले. परिस्थिती गरिबीची. एम.बी.बी.एस. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून झाले आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा ते एम.डी. नव्हते, ती पदवी त्यांनी नंतर पुण्यात घेतली. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. हा विंचू चावला की मरण ठरलेलेच, अशी समजूत होती, आणि पाठ्यपुस्तकात या मरणाविषयी उपयोगी असे फारसे काही नव्हते.

बावस्करांनी पहिली गोष्ट केली ती अशी की ते रुग्णाजवळ बसून राहिले आणि घड्याळ लावून टिपत गेले. दंशानंतर किती वेळाने उलटी झाली, दरदरून घाम केव्हा सुटला, हातपाय गार केव्हा पडले, पुरुष रुग्णांत लिंगताठरता केव्हा दिसली, नाडी कशी बदलली, श्वास केव्हा लागला, तोंडातून गुलाबी फेस केव्हा आला. एकेका रुग्णाची ही टिपणे शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांत क्रम दिसू लागला. उलट्या, घाम आणि गार पडलेले हातपाय ही लक्षणे आधी येत. हृदय व फुप्फुसे नंतर बिघडत. म्हणजे ही पुढच्या संकटाची सूचना होती. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश साप्ताहिकात १९८२ साली त्यांचा जो निबंध आला, तो या पूर्वसूचक लक्षणांविषयीच होता.

दुसरी पायरी उपचाराची. या विंचवाच्या विषामुळे चेतापेशींच्या पडद्यातील सोडियमच्या वाटा उघड्याच राहतात, चेतातंतू सारखे उद्दीपित होतात आणि शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता येत नाही आणि फुप्फुसांत पाणी साचते. आता आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध दिले तर? प्राझोसिन ही रक्तदाबासाठी वापरली जाणारी गोळी बाजारात होतीच, आणि ती स्वस्त होती. १९८६ साली डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनच्या वापराविषयीचे निष्कर्ष त्याच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. गंभीर दंशाच्या रुग्णांत पूर्वी सुमारे ४० टक्क्यांपर्यंत असलेला मृत्यूचा वाटा पुढे एक टक्क्याच्या आसपास आला, असे त्यांच्या नोंदी सांगतात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट वर्गात सांगताना एवढ्यावर थांबू नये. विद्यार्थ्यांना विचारावे की ‘आधी ४० आणि आता एक’ एवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होतो काय? आधीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण सारखे होते काय? मधल्या काळात रस्ते झाले, एस.टी. वाढली, रुग्ण लवकर येऊ लागले, डॉक्टरांचा हात बसला. या साऱ्यांचा वाटा किती आणि गोळीचा किती? ही शंका घेणे म्हणजे बावस्करांचा अनादर नव्हे. आज कोणी त्यांच्या कामाबद्दल अशी शंका घेऊ शकतो, कारण त्यांनी ते छापले. टिपणे खणात राहिली असती तर शंका घ्यायलाही काही उरले नसते, आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरला ती गोळी वापरून पाहताही आली नसती. शोधनिबंधाचा खरा उपयोग हा आहे. परीक्षेला बसण्याचा परवाना म्हणून त्याचा जन्म झालेला नाही.

बावस्कर दांपत्यानेच पुढे आणखी एक पाऊल टाकले. विंचवाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध झाल्यावर नवा प्रश्न उभा राहिला : प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्याने फायदा होतो काय? या वेळी त्यांनी ७० रुग्णांच्या, कोणत्या गटात कोण जाणार हे दैवावर सोपवून, ३५-३५ च्या दोन तुकड्या केल्या. एका तुकडीला दोन्ही औषधे दिली, दुसरीला फक्त प्राझोसिन. दहा तासांनी पहिल्या तुकडीतील ३२ रुग्णांची लक्षणे पूर्ण नाहीशी झाली होती, दुसरीतील ८ रुग्णांची. हा निबंध २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. यातही एक उणीव आहे आणि ती निबंधाच्या नावातच सांगितलेली आहे. कोणाला काय दिले हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, त्यामुळे पाहणाऱ्याच्या अपेक्षेचा परिणाम पुरता टाळता येत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना प्रयोगातील ‘नियंत्रण’ म्हणजे काय हे समजावण्यास लंबकापेक्षा हे उदाहरण अधिक उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे.

‘माहीत नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी

विद्यार्थिदशेतील माणसाने लिहिलेल्या एका प्रबंधाची आठवण येथे करून देतो. बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाचा विद्यार्थी १८६९ साली स्वादुपिंडाचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करत होता. वय अवघे २१. इतर पेशींहून निराळे दिसणारे पेशींचे लहान लहान पुंजके त्याला दिसले. त्याने ते जसे दिसले तसे वर्णन केले आणि त्यांचे कार्य काय हे आपल्याला सांगता येत नाही असे सरळ लिहून टाकले. पुढे या पुंजक्यांना त्याचे नाव मिळाले, आणि १९२१ साली टोरांटोमध्ये बँटिंग व बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे केले तेव्हा, म्हणजे बावन्न वर्षांनी, त्यांचे महत्त्व पुरते उमगले. आजच्या एखाद्या परीक्षकापुढे लँगरहान्स तो प्रबंध घेऊन गेला असता तर ‘निष्कर्ष कुठे आहे?’ असे विचारून त्याला परत पाठवले असते, अशी आम्हाला दाट शंका आहे.

दुसरे उदाहरण विदर्भाच्या अधिक जवळचे आहे, जरी ते घडले शिकागोत. १९०४ साली तेथील एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून आलेला, दंतवैद्यकाचा एक विद्यार्थी दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण इंटर्नने त्याचे रक्त तपासले आणि त्याला लांबोळक्या, विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या. हे निरीक्षण १९१० साली छापून आले ते वरिष्ठ डॉक्टर जेम्स हेरिक यांच्या नावाने. लेखक म्हणून आयर्न्सचे नाव नव्हते. सिकलसेल आजाराचे वैद्यकीय वाङ्मयातील हे पहिले वर्णन. विदर्भात हा आजार किती आहे हे आपण जाणतोच. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला होता.

या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात येतात. आयर्न्सला जे घडले ते आजही घडते, आणि उलटही घडते : ज्यांनी काही केले नाही अशा वरिष्ठांची नावे निबंधावर चढतात, कारण बढतीसाठी त्यांनाही आकडा हवा असतो. दुसरी गोष्ट अशी की हेरिक यांचा १९१० चा निबंध म्हणजे एकाच रुग्णाची हकिगत होती. अशा हकिगतींविषयी आपल्या नियामकांचे धोरण काय राहिले? २०१५ साली भारतीय वैद्यकीय परिषदेने अध्यापकांच्या बढतीसाठी परिपत्रक काढून एका रुग्णाच्या हकिगती मोजायच्या नाहीत असे ठरवले. २०२० साली यादी थोडी वाढली, अनेक रुग्णांच्या मालिका चालू लागल्या. एकट्या रुग्णाला तेव्हाही जागा मिळाली नाही. ज्या मार्गदर्शकाला अशा लेखनाचे श्रेय नाही, तो विद्यार्थ्याला त्यासाठी वेळ कशाला देईल? खरे तर शिकाऊ डॉक्टरसाठी एका रुग्णाची हकिगत नीट लिहिणे हाच पहिला धडा असायला हवा. पाहिलेले आणि अनुमान केलेले वेगळे ठेवणे, वेळ लिहिणे, आधी कोणी असे पाहिले आहे काय हे शोधणे, आणि माझ्या एका रुग्णावरून किती बोलता येईल याची मर्यादा ओळखणे, एवढे सगळे त्यात येते. शंभर रुग्णांच्या खोट्या प्रबंधापेक्षा एका खऱ्या रुग्णाची दोन पाने आम्ही केव्हाही पसंत करू.

आकड्यांची सक्ती केली की काय होते याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. चीनमध्ये रुग्णालयातील डॉक्टरांच्या बढतीसाठी शोधनिबंध मागितले जात. २०१७ साली ‘ट्यूमर बायॉलॉजी’ या नियतकालिकातून चिनी लेखकांचे १०७ निबंध एकदम मागे घ्यावे लागले, कारण निबंध तपासणारे तज्ज्ञच बनावट होते. आपल्याकडेही फार वेगळे नाही. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घालून एक बनावट शोधनिबंध लिहिला आणि तो पैसे घेऊन छापणाऱ्या ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. ज्यांच्याकडे निबंध पाठवला त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश नियतकालिके भारतातील होती. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या प्रकाशनसंस्थेला २०१९ साली अमेरिकेतील न्यायालयाने पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला, तोही अशाच व्यवहारांमुळे. मागणी असते म्हणून दुकान चालते. ही मागणी नियमाने निर्माण केली.

यावर कोणी म्हणेल, सक्ती काढली तर एकही विद्यार्थी काही लिहिणार नाही. आम्हाला तसे वाटत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन विद्यावृत्ती १९७९ पासून सुरू झाली. ती ऐच्छिक आहे. विद्यार्थी अध्यापकाच्या मदतीने विषय सुचवतो, दोन महिने काम करतो आणि अहवाल देतो. स्वतः विषय सुचवणे हा त्यातला मोलाचा भाग, आणि नेमका तोच सक्तीच्या प्रबंधात गळतो. आमची सूचना अशी आहे. प्रबंध राहू द्यावा, पण छापून आलेल्या निबंधांची मोजदाद विद्यार्थ्यांसाठी बंद करावी. त्याऐवजी परीक्षकाने प्रबंधाची मूळ टिपणे, तारीखवार, हाताने लिहिलेली, मागून पाहावीत. साठ रुग्ण मिळाले असतील तर साठच लिहिणाऱ्याला गुण कापू नयेत. औषधाचा उपयोग झाला नाही असे आढळले तर तेही उत्तर आहे, असे मानावे. यात खर्च काही नाही. परीक्षकाचा वेळ मात्र जाईल.

रिसोडला विचारता येण्याजोगे प्रश्न

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयाच्या व्यवस्थेत काम करावे, अशी योजना २०२० साली अधिसूचित झाली. इंटर्नशिपमधील काही आठवडेही ग्रामीण केंद्रात काढायचे असतात. अनेक विद्यार्थी हा काळ शिक्षा समजतात. आमच्या मते प्रश्न सापडण्याची जागा हीच आहे.

सर्पदंशाचेच पाहू. सुमारे तीन हजार कुटुंबांची गाठ घेऊन नव्हे, तर देशभरच्या लाखो घरांत मृत्यूची कारणे विचारून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाने २०२० साली अंदाज मांडला की २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. रुग्णालयांच्या नोंदींवरून तयार होणारे सरकारी आकडे याहून फार लहान असतात. ही तफावत कोठे पडते? रुग्ण रुग्णालयात पोचतच नाही, की पोचतो पण नोंद दुसऱ्या नावाने होते? सोयाबीन-तुरीच्या पेरणीपासून काढणीपर्यंत आपल्या तालुक्यात किती जणांना दंश झाला, त्यांतील किती आधी मांत्रिकाकडे गेले, दंश आणि प्रतिविषाची पहिली मात्रा यांत किती तास गेले, हे एका पावसाळ्यात मोजता येते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो, खूण दिसत नाही; पहाटे पोट दुखते म्हणून रुग्ण येतो. अशा किती रुग्णांना पोटाचे औषध देऊन घरी पाठवले गेले? यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी-मजूर विषबाधेने आजारी पडले आणि अनेक दगावले. फवारणी आपल्याकडेही होते. पंपाचा प्रकार, वाऱ्याची दिशा, मिसळलेली औषधे आणि त्या दिवसाची लक्षणे यांची नोंद कोणी ठेवतो काय?

अशा कामाला संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आणि रुग्णाची संमती लागते, हे सांगितलेच पाहिजे. आणि काम पुरे झाल्यावर जे सापडले ते इंग्रजी नियतकालिकात जाण्याबरोबर ज्यांनी माहिती दिली त्या गावालाही मराठीत कळावे. हे फारसे घडत नाही.

एक अगदी लहान प्रश्न आमच्या प्रयोगशाळेतल्या वस्तूंशी जुळणारा आहे. घोणसाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्याची सोपी चाचणी अशी : सुमारे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे, वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त वाहिले तर प्रतिविषाची गरज आहे. ही चाचणी काचेमुळे चालते. काचेचा पृष्ठभाग रक्त गोठण्याची साखळी सुरू करून देतो. प्लॅस्टिकच्या नळीत ते नीट होत नाही, आणि काचेची नळी साबणाच्या पुडीने धुतलेली असेल तरीही निकाल चुकू शकतो. निरोगी माणसाचे रक्तही मग गोठत नाही आणि त्याला विनाकारण प्रतिविष दिले जाते. आता ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत या चाचणीसाठी प्रत्यक्षात कोणती नळी वापरतात, ती कशाने धुतात, आणि वीस मिनिटे घड्याळावर मोजतात की अंदाजाने? जिल्ह्यातील सर्व केंद्रांना भेट देऊन हे पाहायला एका इंटर्नला महिना पुरेल.

वाशिमच्या महाविद्यालयात २०२४ साली प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास इंटर्नशिपला येईल. त्यांतील कोणी रिसोडच्या ग्रामीण रुग्णालयात आले, तर काचेच्या न वापरलेल्या परीक्षानळ्या आमच्या शाळांतून मिळतील.